बंद खोलीतला लसणाचा वास

अर्पिताला रसायनशास्त्रातल्या मेन ग्रुपची धास्तीच बसली होती. एम.एस्सी.च्या पहिल्या सेमिस्टरला तोच पेपर राहिला होता. सोडियम, मॅग्नेशियमपर्यंत ठीक. पण पंधराव्या गटाशी आलं की डोकं चालेनासं व्हायचं. अमोनिया कळायचा. त्याच्याखालचा फॉस्फिन वायू मात्र बंधकोनापासून विषारीपणापर्यंत सगळाच वेगळा. पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी धुवून जायचं. मे महिन्यात अभ्यासाची सुटी लागली, तशी ती जालन्याची खोली बंद करून दुपारच्या गाडीनं परतूरला घरी आली.

आई, दैवशाला, ओट्यापाशी डोकं धरून बसली होती.

"तुझ्या पप्पाला ऊन बाधलंय. सकाळपासून उलट्या करून राह्यलेत. माझंबी डोकं भणभणतंय."

"कुठंयत ते?"

"गव्हाच्या खोलीत. कूलर तिथंच लावलाय ना. आत्ताच पडलेत जरासे."

अर्पितानं दार लोटलं. भागवतराव भिंतीकडं तोंड करून झोपले होते. खिडकी घट्ट बंद, कूलरचं ओलं वारं, आणि उशाशी छतापर्यंत रचलेले, गव्हानं भरलेले कट्टे. वास आला. ओळखीचा, पण या खोलीत नको असलेला.

"आई, लसूण सोललास का?"

"न्हाई गं. आज सैपाकच कुठं केलाय?"

अर्पितानं कट्ट्यांकडं पाहिलं. "मंग गव्हात काय टाकलंय?"

"गोळ्या टाकल्या परवा. किडा लागतो म्हणून. दुकानातून आणल्या यांनी."

ॲल्युमिनिअम फॉस्फाइड. ओल लागली की लसणासारख्या वासाचा फॉस्फिन सुटतो. समीकरण तिच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं, आणि त्याच क्षणी मन म्हणालं, तुला हे नीट येतं तरी का? याच पेपरात नापास झालीस तू. उगीच घर डोक्यावर घेशील, आणि निघेल साधं ऊनच. ती उंबऱ्यावर तशीच उभी राहिली. मग भागवतरावांना कोरडी उबळ आली, आणि तिचं थांबणं संपलं.

तिनं श्वास रोखला, कूलरचं बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि वडिलांच्या काखेत हात घातले.

"काय करून राह्यली? झोपू दे ना मला..."

"पप्पा, उठा. जल्दी. हवेत विष आहे."

आईनं धावत येऊन त्यांचे पाय उचलले. दोघींनी त्यांना फरफटतच अंगणात आणलं. वास दबावा म्हणून दैवशालानं भिजवलेलं फडकं कट्ट्यांवर टाकायला उचललं, तशी अर्पिता ओरडली, "पाणी न्हाई! पाण्यानं आणखी सुटतो. आत जाऊच नको." शेजारचे राजानंद काका आवाजानं धावत आले आणि त्यांनी आपली गाडी काढली.

दवाखान्यात तिनं डॉक्टरांना गोळ्यांचं आणि वासाचं सांगितलं. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "गोळी पोटात गेलेली नाही ना? नक्की?" नाही म्हटल्यावर त्यांनी ऑक्सिजन लावला, ईसीजी काढला. मायलेकींना व्हरांड्यात बसवलं. यावर उतारा नाही, फक्त हृदय सांभाळत वाट पाहायची, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. आईला ते सांगितलं नाही. मशीनचा प्रत्येक आवाज तिला शेवटचा वाटत होता.

"वाचतील ना गं?" आईनं विचारलं.

"वाचतील," ती म्हणाली. आपण खोटं बोलतोय की खरं, तिला ठाऊक नव्हतं.

भागवतराव वाचले. अशक्त झाले, आठवडाभर नुसत्या पेजेवर होते, पण घरी आले. गोळ्यांचं काम जाणणाऱ्या माणसानं मास्क लावून कट्टे बाहेर काढले, आणि ती खोली कित्येक दिवस उघडी राहिली.

गल्लीत बातमी पसरली. उषाबाई आल्या. "आमच्या कोठीतबी हायेत गोळ्या. बघतीस का बाई जरा?" अर्पिता गेली. मग दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी. कुठं गोळ्या माजघरात होत्या, कुठं पलंगाखाली. प्रत्येक दारात ती आधी खिडक्या उघडायला लावायची, मग विचारायची, "इथं झोपतं का कोणी?"

परीक्षेला ती जालन्याला परतली. खोलीवरच्या मैत्रिणीनं डास येतात म्हणून खिडकी लावली, की ही उठून पुन्हा उघडायची.