शेठच्या घरी सॉफ्टनर

आमच्या धंद्यात पाण्याचं काम अर्धा तास आणि गप्पा दीड तास! सोलापुरात बोअरचं पाणी म्हणजे नळावर पांढरा थर, गिझरची कॉइल खलास आणि साबणाला फेस नाही. मग लोक आमच्या दुकानात येतात. सॉफ्टनर, म्हणजे जड पाणी मऊ करायचं मशीन, बसवायच्या आधी घर बघायला जायचं काम माझं. पाणी तपासायचं, घरात माणसं किती, मशीन कुठं ठेवायचं, पाइप कुठून न्यायचा, सगळं लिहून आणायचं. पण जे लिहिता येत नाही तेच जास्त साठतं. कुणाला तरी सांगितल्याशिवाय करमत नाही बघा.

*

शुक्रवार पेठेतल्या एक काकू. म्हटलं, "काकू, तपासायला थोडं पाणी द्या." काकूंनी ट्रेमधून चकचकीत तांब्या-भांडं आणलं. मी औषधाचे थेंब टाकले, तर पाणी एकदम मऊ!

"काकू, हे बोअरचंच ना?"

"अगं बाई, दारात आलेल्या माणसाला बोअरचं पाणी देऊ व्हय? जारचं हाय!"

"अहो, मला वाईटच पाणी पाहिजे!"

काकूंचा चेहरा पडला. आत गेल्या आणि लिंबू सरबत घेऊन आल्या. "हे तपास. वाईट पाणी माझ्या हातनं मिळायचं न्हाय!"

शेवटी बाथरूममध्ये जाऊन मीच बाटली भरली. सरबत मात्र झकास होतं.

*

उजनीकाठचे एक आबा. ऊस, केळी, आणि आता शहरात बंगला. आमचे शेठ त्यांना समजावत होते, की मशीनमध्ये अधूनमधून मीठ घालावं लागतं.

"मीठ?" आबा उठूनच उभे राहिले. "आमचं निम्मं रान खारवटलं म्हणून मी बोंबलतोय, आन तुमी इकत आणून मीठ घालाया सांगताय व्हय?"

शेठनी घाम गाळून सगळं सांगितलं. मीठ मशीन धुवायला लागतं, ते पाणी वेगळं बाहेर जातं, वगैरे. आबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "ते ऱ्हाऊ द्या. तुमच्या घरी कुठलं मशीन हाय?"

शेठना ठसकाच लागला!

*

कारण शेठच्या घरी मशीनच नव्हतं! सगळ्या शहराला विकायचं आणि घरी बोअरचं जड पाणी. लक्ष्मीवहिनी, म्हणजे शेठच्या बायको. धुणंभांडी करून त्यांचे हात इतके फुटले होते, की कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं. मला बघवायचं नाही. शेठ म्हणायचे, "मंगल, मला लाज वाटते गं." पण शेठच्या आई, म्हणजे अम्मा, मशीनला तयार नव्हत्या. आणि त्या घरात अम्मांपुढं कुणाचं काही चालत नाही.

एकदा शेठनी मला आणि आमच्या प्लंबर सलीमभाईंना जागा बघायला पाठवलं. जिन्याखाली? "तिथं माझी पिठाची पिंपं." गच्चीवर? "मग पापड कुठं वाळवू?" मोरीजवळ? "तिथं बंब आहे."

सलीमभाई वैतागले. "अम्मा, फिर मेरे सर पे रखूँ क्या?"

"नको रे बाबा," अम्मा म्हणाल्या, "तू एकदा गेलास की चार दिवस सापडत नाहीस!"

*

मूळचे माळशिरसचे एक निवृत्त गुरुजी. मशीन बसवलं त्याच्या दुसऱ्याच सकाळी फोन. "बाई, साबण निघत नाही! सहा बादल्या झाल्या, अंग बुळबुळीत ते बुळबुळीतच!"

"गुरुजी, मऊ पाण्यात तसंच लागतं. साबण कधीच निघालाय."

पलीकडं आणखी एक बादली ओतल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "हे तुम्ही दुकानात बसून सांगताय. मी इथं ओला उभा आहे!"

*

पुढं वहिनींच्या बोटाची भेग चिघळली. डॉक्टरांनी पाणी बदलायला सांगितलं, तशा अम्मा म्हणाल्या, "आणा मशीन." शेठ दुकानात पेढे घेऊन आले! दुपारी मी आणि सलीमभाई त्यांच्या घरी गेलो.

मागच्या पायरीवर सासू-सुना बसल्या होत्या. वहिनींचे हात अम्मांच्या मांडीवर. अम्मा कोमट खोबरेल चोळत होत्या आणि दोघी तेलुगूत बोलून नुसत्या खिदळत होत्या. एरवी ह्या दोघींचं दुधावरून, फोडणीवरून, कशावरूनही वाजतं हो!

"रोज?" मी वहिनींना विचारलं.

"रोज. हात फुटले तेव्हापासून. एवढा एक तास अम्मा माझ्यावर ओरडत नाहीत." वहिनी हसत हसत चहा टाकायला आत गेल्या.

अम्मांनी मला जवळ बोलावलं. "हात बरे होतील?"

"होतील की अम्मा! बघा तुम्ही, एकदम मऊ होतील."

अम्मांनी तेलाची वाटी उगाच इकडून तिकडं सरकवली. मग सलीमभाईंना म्हणाल्या, "त्या मशीनवर कमी-जास्त करायचं काही असतं का रे?"

"है ना अम्मा. थोडा बोअर का पानी मिलाने का नॉब रहता."

अम्मांनी एकदा स्वयंपाकघराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "मग असं कर. दुखायचं थांबू दे. पण हात अगदी बरे नको करू."

सलीमभाई माझ्याकडं बघायला लागले.

"मॅडम, फिर नॉब कित्ता घुमाऊँ?"