आईची दोन नावं
शिक्क्याच्या शाईचा वास आला की मला भोईवाडा कोर्टाबाहेरचं टायपिस्टचं ते टेबल आठवतं. परदेशात राहणाऱ्या माझ्या बहिणीचं बाळंतपण जवळ आलं होतं आणि आईचा व्हिसा अडला होता. शाळेच्या दाखल्यावर तिचं माहेरचं नाव होतं, तर पासपोर्टवर लग्नात तांदळात लिहून ठेवलेलं नवं नाव. दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करायला आम्ही आलो होतो. टायपिस्टने मान वर न करता विचारलं, "मावशी, आधीचं नाव?" आईने ते अगदी हळू सांगितलं. दाखल्यावर मी ते वाचलं होतं, पण तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. "खाली दोन्ही नावांच्या सह्या करा," तो म्हणाला. पहिली, माहेरच्या नावाची सही करताना तिचा हात सातवीतल्या मुलीसारखा जपून चालला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही रे." व्हिसा शेवटी नाकारलाच; नात तिने फोनवरच पाहिली. गेल्या महिन्यात आईच्या मृत्यूची नोंद करायला गेलो, तेव्हा अर्जात नावाला एकच रकाना होता. मी लग्नातलं नाव लिहिलं आणि त्यावर शिक्का पडला.