कागद बाहेर कुणी दिला?

जुन्या माइकचा गंजका वास आला की दिल्लीच्या आर. के. पुरममधली आमच्या मराठी मंडळाची चर्चा आठवते. विषय होता, सरकारने जनतेपासून काय लपवावं. सूत्रसंचालक अर्थातच मी. राज्य सरकारच्या दिल्लीतल्या कार्यालयातून जमीनवाटपाचा एक कागद वर्तमानपत्राकडे गेला होता आणि त्यापायी निरपराध कारकून निलंबित झाला होता. कागद दिला होता त्याच कार्यालयातल्या, व्यासपीठावर बसलेल्या माझ्या मित्राने, हे फक्त मला ठाऊक होतं. श्रोत्यांतून त्याच्या साहेबांनी विचारलं, “कागद बाहेर कुणी दिला?” मित्र घामाघूम होऊन उठला. मी झटकन माइक ओढला. “मीच, साहेब. समोसेवाल्याला. त्याच्याकडचे कागद संपले होते.” सभागृह हसत सुटलं. नंतर विंगेत मित्राने माझं मनगट आवळलं. “यार, मी कबूल करायला उठलो होतो. आता पुन्हा धीर होणार नाही.” झाला नाहीच, कारकुनाची नोकरी गेली. हा किस्सा मी अजून रंगवून सांगतो आणि हशा आला की तिथेच थांबतो.