गुळण्या गोळा करणारे मेहुणे

मंगरूळपीरच्या पंचक्रोशीत माझ्या थोरल्या मेहुण्यांइतका निर्मळ मनाचा माणूस शोधून सापडणार नाही, आणि लग्नकार्यात त्यांच्याइतका धाक वाटावा असा पाहुणाही दुसरा नाही. वधूपिता पंगतीत बुंदीचा आग्रह करायला एका टोकाने निघाला की हे दुसऱ्या टोकाने निघतात. खांद्याला पिशवी, पिशवीत मिठाच्या पाण्याच्या चिमुकल्या बाटल्या. आधी संमतिपत्रावर सही घेतात, मग ते पाणी मिनिटभर घशात खुळखुळवून त्याच बाटलीत परत टाकायला सांगतात. नवरदेवालाही सूट नाही. एकदा एका म्हाताऱ्या बाईंनी ते तीर्थ समजून पिऊनच टाकलं आणि रिकामी बाटली कपाळाला लावून परत केली. मेहुण्यांनी तिथल्या तिथे वहीत 'नमुना उपलब्ध नाही' अशी नोंद केली आणि बाईंना वाकून नमस्कार केला.

ते नागपूरच्या एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहेत आणि गेली काही वर्षं त्यांचं सगळं आयुष्य एका बुरशीला वाहिलेलं आहे. ही बुरशी भाकरीवर येत नाही, लोणच्यावर येत नाही, प्रयोगशाळेतल्या ताटलीत कितीही लाड केले तरी वाढत नाही. तिला राहायला माणसाचंच फुफ्फुस लागतं. धडधाकट माणसात ती मुकाट्याने पडून असते, पण ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम कमी करून ठेवलेली असते त्याला न्यूमोनिया करते. तिच्यावर सल्फाची गोळी चालते. मात्र गोळी जिथे लागू पडते, तिथेच बुरशीच्या जनुकातली एक-दोन अक्षरं कधी कधी बदलून जातात. कुलपाची खाच झिजावी, किल्ली आत जावी पण फिरू नये, तसं काहीतरी. ही बदललेली अक्षरं आपल्या भागात किती पसरलीत, हे मेहुण्यांना शोधायचं असतं. इतकं मला समजलंय, कारण हे सगळं मी जेवताना, हात धुताना आणि एकदा तर दाढी करताना त्यांच्या तोंडून ऐकलेलं आहे. मी शाळामास्तर. तेच ते पुन्हा पुन्हा सांगायची सवय मलाही आहे, पण मला त्याचा पगार मिळतो.

परतताना ते बर्फाचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसतात. एकदा शेजारच्या गृहस्थांनी डब्यात कुल्फी आहे का म्हणून विचारलं. दुसरा कुणी मान हलवून मोकळा झाला असता. मेहुण्यांनी झाकण उघडून कुणाची गुळणी कोणती, गढूळ का आणि फेसाळ का, हे सविस्तर समजावलं. ते गृहस्थ कारंज्यापर्यंत उभ्याने आले. मेहुण्यांना वाटलं, माणूस सभ्य आहे, डब्याला जागा करून दिली.

आता या वेडाचं मूळ सांगतो. सहा वर्षांपूर्वी माझ्या बायकोच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा मेहुण्यांनी आपली एक काढून दिली. दिली म्हणजे दवाखान्याच्या कागदोपत्री दिली, मनाने ती अजून त्यांचीच आहे. रोज सकाळी सातला त्यांचा फोन येतो आणि बहिणीच्या आधी किडनीची चौकशी होते. एकदा ही भर दुपारी बाजारात गेल्याचं त्यांना कुणाकडून तरी कळलं, तर रागावणं माझ्या वाट्याला. "जवाईबापू, माही किडनी उन्हात कायले फिरून राह्यली?" परकी किडनी शरीराने हाकलून देऊ नये म्हणून हिची प्रतिकारशक्ती कमी ठेवावी लागते, आणि त्या बुरशीपासून बचाव म्हणून ही सल्फाची गोळी घेते. मेहुणे त्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांवरही नजर ठेवून असतात. त्या बुरशीशी त्यांचं भांडण घरगुती आहे.

गेल्या पावसाळ्यात मात्र त्यांचा सकाळचा फोन आला, तो फार थोडक्यात आटोपला. बाटल्यांच्या एका खेपेत त्यांनी स्वतःची गुळणीही घातली होती, नेहमीच्या प्रामाणिकपणाने, गावाची घेतो तर आपली का नको म्हणून. बुरशी निघाली ती त्यांच्याच घशात, आणि तिची नेमकी तीच अक्षरं बदललेली. त्यांना त्रास काहीच नव्हता. सल्फाची गोळी त्यांनी जन्मात घेतलेली नव्हती, ती बदललेली बुरशी कुणाकडून तरी आयती आली होती. हिच्या डॉक्टरांनी समजावलं की अक्षरं बदलली म्हणजे औषध हरलं असं नसतं, गोळी चालू ठेवा, भेटताना मास्क लावा, धोका फार कमी आहे. मेहुणे म्हणाले, "कमी म्हंजे शून्य नाई."

तेव्हापासून ते घरात आलेले नाहीत. पंधरा दिवसांनी येतात, पण अंगणातल्या जांभळाखाली खुर्ची टाकून, मास्क बांधून बसतात. पिशवीतून मोजपट्टी काढून दारापासूनचं अंतर मोजतात. हिच्या हातची फोडणीची पोळी मी नेऊन द्यायची, आणि ही आत गेल्याशिवाय त्यांनी मास्क काढायचा नाही. सुरुवातीला मला, खरं सांगतो, थोडं सुटल्यासारखं वाटलं होतं. जेवताना बुरशी नाही. दोन महिन्यांत त्या शांततेने जेवण जाईना.

भाऊबीजेला पेच पडला. ओवाळायचं म्हणजे तबकाएवढ्या अंतरावर यावं लागणार. मेहुण्यांनी त्यावरही तोड काढली. "जवाईबापू, तुमी ओवाळा." माझी गुळणी त्यांनी आधीच तपासून आणली होती, ती कोरी होती. मग मी, छप्पन्न वर्षांचा मिशीवाला मुख्याध्यापक, तोंडाला मास्क बांधून, बायकोचं तबक हातात धरून तिच्या भावाला ओवाळू लागलो. शेजारची मंडळी कुंपणावरून बघत होती. मी गंध जरा नाकावरच लावलं. मेहुण्यांनी गंभीरपणे हजाराची साडी माझ्या हातात ठेवली. मला हसू आवरेना, आणि दारात उभ्या असलेल्या हिच्याकडे बघितलं तर ती हसत नव्हती.

ती तिथूनच म्हणाली, "दादा, तू तर सहा वर्सापासून माह्या पोटात बसून हाय. आता अंगणात बसून कोनाले दूर ठेवून राह्यला?"

मेहुण्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"पोटात हाय म्हनूनच तं भेव वाटते, बाई."

मी तबक घेऊन मधेच उभा होतो. वाऱ्याने निरांजन विझलं, ते पुन्हा लावायचंही मला सुचलं नाही. या माणसावर मी आजवर जितकं हसलो, त्यातलं थोडं तरी परत घेता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

त्यांची पुढची गुळणी तपासायला गेली आहे. असली बुरशी कधी कधी आपणहून निघूनही जाते म्हणतात. तोवर ते यायच्या दिवशी खुर्ची मीच बाहेर काढतो आणि दर खेपेला ती दाराकडे एक फरशी पुढे मांडून ठेवतो. ते येतात, मोजपट्टी काढतात, वाकून मोजतात आणि खुर्ची उचलून पुन्हा जांभळाखाली नेतात.