दाराशी लावलेल्या दोन गाद्या

आमचे दाजी गाद्या भरतात. ताईचं लग्न ठरलं तेव्हा मी शाळेत होतो आणि पहिल्या भेटीत माझ्या लक्षात राहिलं ते एवढंच, की या तरुण माणसाच्या भुवया पांढऱ्या आहेत. तो कापूस होता, हे मागाहून कळलं. आता त्या खरोखरच पांढऱ्या झाल्या आहेत. त्यामुळे कापूस झटकून झाला की नाही हे आरशात बघून त्यांना समजत नाही, आणि आम्हीही सांगत नाही.

माणूस लाखात एक, पण एक खोड आहे. जगातल्या प्रत्येक दुखण्यावर कापूस हाच इलाज, असं ते मानतात. खिडकी वाजली, लाव कापूस. टेबल डगमगलं, पायाखाली कापूस. नळ गळायला लागला तर त्यालाही कापूस आणि वर चिंधी. शेजारच्या बाळाचा कान दुखला तेव्हा डॉक्टरच्या आधी दाजी पोचले. त्यांच्या घरात फट म्हणून शिल्लक राहिलेली नाही. मी एकदा म्हटलं, "दाजी, श्वास घ्यायला तरी कुठून हवा येऊ द्या." तर म्हणाले, "अरे, फटीतून येते ती हवा नसते, सर्दी असते."

दुसरी खोड धंद्यातली. गादी भरून झाली की गिऱ्हाइकाच्या ताब्यात देण्याआधी ते स्वतः तिच्यावर पाव तास आडवे होतात. कुठे गुठळी टोचते का, कुठे खड्डा पडतो का, ते पाठीला कळतं म्हणे. गिऱ्हाइकाने तोवर उभं राहायचं. एकदा त्यांचा डोळा लागला आणि गिऱ्हाईक जेवून परत आलं तरी हे घोरतच होते. "झोपायचं काम करणारा एवढा एकच कारागीर मी पाहिला," असं आई म्हणते.

आई म्हणजे माझी आई, दाजींच्या सासूबाई. ती राहते त्यांच्याकडे. "मुलगा असताना जावयाकडे का?" असं लोक मला विचारतात, म्हणजे चष्मा बसवून घेता घेता विचारतात. माझं चष्म्यांचं दुकान आहे, वरच्या चढावर. मी सांगतो, तिचा हात सुईवर बसलेला आहे आणि माझ्याकडे शिवण्यासारखं काही नाही. हे खरं आहे. पण त्याहून खरं हे, की दिवसातून दोनदा दाजींशी भांडल्याशिवाय तिला अन्न पचत नाही. ती त्यांना "जावईबापू" म्हणते आणि "तुम्ही" म्हणते, आणि तो "तुम्ही" असा काही म्हणते की त्यापेक्षा शिवी बरी.

दाजी कापूस भरायचे आणि आई टाके घालायची, अशी वीस वर्षांची वाटणी. बाकीचे लोक दर ओळीला गाठ मारून दोरा तोडतात. आई तोडत नाही. एका लांब दोऱ्यात ती सगळी गादी टाचते आणि शेवटची एकच गाठ कडेच्या शिवणीत अशी दडवते, की दाजींनाही सापडू नये. ते विचारायचे. ती म्हणायची, "कापूस तुमचा, गाठ माझी." गुडघे गेले, चालणं खुर्चीपासून खाटेपर्यंत उरलं, पण बोटं शाबूत होती आणि जीभ तर त्याहून.

त्यांची राहायची खोली दुकानाला लागून, पण मधे सलग भिंत. खोलीला एक दार, गल्लीत उघडणारं म्हणावं तर तसं नाही, आत उघडणारं. आणि एक खिडकी, तिला लोखंडी गज. दारातून आत शिरलं की तीन फुटांवर न्हाणीघराची अर्ध्या उंचीची भिंत, तिला वळसा घालून खोलीत जायचं. ही रचना मी एवढी बारकाईने सांगतोय, कारण त्या तीन फुटांत माझी आई जवळजवळ गेली होती.

त्या दिवशी सकाळपासून वादळाचा पाऊस होता. नदी फुगलेली होतीच. दहाच्या सुमारास भोंगा लावलेली गाडी फिरली, खालच्या गल्ल्या रिकाम्या करा म्हणून. ताई मुलीच्या बाळंतपणाला गेलेली. दाजी आईला म्हणाले, "चला, खांद्यावर घेतो. दहा मिनिटांत वर पोचू."

आई म्हणाली, "मला पोत्यासारखी खांद्यावर टाकून भर गल्लीतून नेणार? लोक काय बघत बसतील! माझ्या पायांनी नेत असाल तर येते."

तिच्या पायांनी नेणं देवालाही जमलं नसतं. दाजींनी हात टेकले. पण गप्प बसले असते तर ते दाजी कसले! गल्लीत पाणी घोटाभर झालं होतं आणि उंबऱ्याशी यायला लागलं होतं. म्हणजे फट आली. आणि फट आली की या माणसाचं डोकं एकाच दिशेने चालतं. आदल्या दिवशी भरून झालेल्या दोन मोठ्या गाद्या पोचवायच्या म्हणून खोलीतच ठेवल्या होत्या. त्यांनी दार लावून घेतलं, दोन्ही गाद्या दुमडल्या आणि दार आणि न्हाणीघराची भिंत यांच्यामधे लाथा मारमारून ठोकून बसवल्या. उरल्या जागी सुटा कापूस कोंबला. मग मला फोन केला.

"मेव्हणे, आत एक थेंब नाही! बाहेर पाणी, आत कोरडं ठणठणीत. आई तर लवंडल्यात खाटेवर."

माझा जीव भांड्यात पडला. मी कबूल करतो, मी त्यांना "वा" म्हणालो आणि एका चष्म्याची काच घासत बसलो. खालच्या गल्लीत आई आहे आणि वर मी काच घासतोय, याची मला आजही लाज वाटते.

अर्ध्या तासाने पुन्हा फोन. या वेळी आवाज वेगळाच होता. न्हाणीघराच्या मोरीतून पाणी उलटं वर येत होतं. मोरीत कापूस कोंबायचं सुचलं नव्हतं, आणि सुचलं असतं तरी पाण्याने तो बुचासारखा उडवला असता. आत गुडघाभर पाणी. आणि गाद्या भिजल्या होत्या. कोरडी गादी दाजी एका खांद्यावर नाचवतात. तीच भिजली की चार माणसांना हलत नाही, हे त्यांच्याहून चांगलं कोणाला माहीत? दोन्ही फुगून एकमेकींत रुतल्या होत्या, दार आणि भिंतीमधे. दार आत उघडायचं, आणि आत जागा नव्हती.

"मेव्हण्या," ते म्हणाले, "दार मी बंद केलंय रे." आणि फोन बंद पडला.

मी दुकान उघडं टाकून धावलो. वाटेत अग्निशमनवाल्यांना फोन लावला. बोटी पलीकडच्या काठाला आहेत, येतो म्हणाले. त्या दिवशी सगळेच येतो म्हणत होते, आणि त्यांचाही इलाज नव्हता. गल्लीत पाणी माझ्या कमरेला लागलं. नशीब एवढंच, की गल्ली बंद तोंडाची, पाणी चढत होतं पण ओढत नव्हतं. मी खिडकीच्या कट्ट्यावर चढलो, गज धरले आणि आत बघितलं.

आई टेबलावर बसली होती, मांडीवर घडी केलेली शाल, जशी काही बसची वाट बघतेय. टेबलाच्या फळीला पाणी टेकत होतं. दाजी दारापाशी मांडीभर पाण्यात. भाजीच्या सुरीने त्यांनी गादीचं वरचं कापड फाडलं होतं आणि आत हात घालून ओढत होते, पण कापूस येत नव्हता. आईचे टाके त्याला सोडत नव्हते. वितीवितीवर एक टाका, आणि दोरा असला चिवट की ओल्या हातातून सुरीच निसटत होती. निसटली ती पाण्यात गेलीच.

"कातरी?" मी ओरडलो.

"दुकानात," दाजी म्हणाले. दुकान भिंतीपलीकडे, पाण्यात.

मी गज हलवून बघितले. ते दाजींनीच बसवून घेतले होते, चोरांसाठी. चोराचं कौतुक वाटावं इतके पक्के. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. पावसात कोणाला दिसणार नव्हत्या, म्हणून मी त्या तशाच वाहू दिल्या. आई मला म्हणाली, "अरे, उतर तिथून, पाय घसरेल." मरायला टेकलेली ती आणि पाय माझा घसरणार!

मग ती दाजींकडे वळली. "जावईबापू, इकडे या. मला उचला आणि तिकडे न्या."

"आई, तिकडे पाणी जास्त आहे."

"गाठ तिकडे आहे. तुम्हाला जन्मात सापडायची नाही."

दाजींनी तिला उचललं. लहान मुलाला कडेवर घ्यावं तशी घेतली, एक हात पाठीला, एक गुडघ्यांखाली, आणि दारापाशी गेले. गादीची कड पाण्याखाली हातभर. आईने खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. तोंड वर, डोळे मिटलेले, बोटं खाली. मला वाटलं, आता सापडली, आता सापडली. सापडत नव्हती.

"उलटी दुमडलीस तू ही," ती म्हणाली. "मूर्खासारखी उलटी दुमडलीस. वाक. अजून वाक. अरे, वाक ना बाबा!"

वीस वर्षांत पहिल्यांदा जावईबापूंचा "तू" झाला. दाजी वाकले. पाणी त्यांच्या हनुवटीला आणि तिच्या कानाला लागलं. तिच्या तोंडात पाणी गेलं, ती थुंकली, शिंकली आणि पुन्हा हात घातला. नखाने काहीतरी उचकटत होती. मी गज धरून मोजत होतो, काय मोजत होतो कोण जाणे, एकशे दहापर्यंत गेलो होतो. आणि तिने हात वर काढला. दोन बोटांत दोऱ्याचं टोक.

"ओढ," ती म्हणाली. "सावकाश. तोडलास तर बघ."

दाजींनी दात आणि एक हात यांनी तो दोरा ओढला. ओळीमागून ओळ उसवत गेली. मी आईचं शिवणं आयुष्यभर बघितलं, उसवणं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग कापूस मोकळा झाला. दाजींनी तिला न्हाणीघराच्या अर्ध्या भिंतीवर बसवलं आणि दोन्ही हातांनी तो चिखलासारखा कापूस उपसून खोलीत फेकायला लागले. मी कट्ट्यावरून उडी मारली, दाराशी गेलो आणि खांदा लावला. दार बोटभर हललं. मग वीतभर. आतबाहेर पाणी सारखंच झालं होतं, नाहीतर माझ्यासारख्या चष्मेवाल्याच्या खांद्याने काय होणार? दुसऱ्या गादीला हात लावावाच लागला नाही. पहिली रिकामी झाली आणि दुसरी आपोआप कलंडली. फटीतून आधी आईचा हात आला, मग आई आली, मग तिला ढकलणारे दाजी.

मी आईला धरलं. ती थंडगार होती आणि जिवंत होती. मी एवढंच म्हणत होतो, "आई, आई, आई." ती म्हणाली, "कळलं."

गल्लीतून ती दाजींच्या खांद्यावर पोत्यासारखी आली. चढावर अर्धी वस्ती उभी होती आणि सगळे बघत होते. तिने कोणालाही काही म्हटलं नाही. एकाने टाळ्या वाजवल्या तेव्हा मात्र म्हणाली, "याला काही कामधंदा नाही का?" तेव्हा मला खात्री पटली, की आई वाचली.

माझ्या दुकानात तिला कोरडे कपडे घातले, गरम चहा दिला. बाहेर पाऊस पडतच होता, पण आता तो पडला काय आणि न पडला काय. मला हसू येत होतं, उगाचच. एका गिऱ्हाइकाला मी त्याचा चष्मा समजून माझाच चष्मा दिला. दाजी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते, पाणी निथळत. चहा हातात तसाच. आईकडे बघत नव्हते. मला समजत होतं ते काय घोकत असतील. दार त्यांनीच बंद केलं होतं, हे काही खोटं नव्हतं.

तेवढ्यात ताईचा फोन आला. तिने बातम्या पाहिल्या होत्या, रडत होती. मी बोलायच्या आत आईने माझ्या हातातून फोन घेतला.

"अगं, काही झालं नाही. दार पाण्याने फुगून बसलं होतं, जुनं लाकूड ते. तुझ्या नवऱ्याने उघडलं आणि मला उचलून आणलं. हो, उचलून. नाही, गाद्यांचं काय, गाद्या वाहून गेल्या. दाराशी कशा असतील? तू पण काहीतरीच." मग तिने माझ्यावर असे डोळे वटारले, की ताईपुढे माझं तोंड आजपर्यंत उघडलेलं नाही. आणि फोन दाजींपुढे धरला. "घे. बोल तिच्याशी."

दाजींनी फोन कानाला लावला. ताई काहीतरी विचारत होती. त्यांनी आईकडे बघितलं.

"कापूस भिजला गं," ते म्हणाले. "सगळा कापूस भिजला." आणि हुंदके देऊन रडायला लागले. आईने खुर्चीतूनच हात लांब करून त्यांच्या पाठीवर ठेवला, आणि ठेवूनच बसली.

ताई अजून सगळ्यांना सांगते, पुरात लोक माणसांसाठी रडत होते आणि आमचे हे कापसासाठी. आई म्हणते, "तुझा नवरा आहेच तसा." आणि दाजी मान खाली घालून हो म्हणतात.