फळ्यावर नाव लिहायचं नाही

चूक सावंत काकांची. आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये हल्ली सगळे डॉक्टरवर घसरतात. डॉक्टरची काही चूक नाही. वैशालीची नाही. माझी तर नाहीच नाही. सावंत काकांची.

आता किस्से. भांडुपच्या टेकाडावर एक बिल्डिंग उभी करा, तळमजल्यावर मंडळाचं ऑफिस द्या, त्यात एक कॅरम ठेवा. किस्से जमवायला लागत नाहीत, फ्रिजमागच्या धुळीसारखे आपले आपण साठतात. त्यातले बरेच मी विसरलो. हे फळ्यावर चढले होते म्हणून राहिले.

सावंत काका कोर्टात स्टेनो होते. जन्मभर वकिलांचे युक्तिवाद शब्द न् शब्द उतरवले आणि जन्मभर तोंड बंद ठेवलं. रिटायर झाल्यावर ते सगळं आमच्यावर निघालं. मंडळाच्या दाराशी सुविचाराचा फळा होता. एक दिवस काकांनी तो पुसला.

"सुविचार वाचून सुधारलेला एक माणूस दाखव," मला म्हणाले.

मला दाखवता आला नाही. तेव्हापासून फळ्यावर 'आजचं वाक्य' सुरू झालं. वाक्य बिल्डिंगमधल्याच कोणाचं तरी. शब्द बदलायचा नाही, नाव लिहायचं नाही. खाली जागा मोकळी. ज्याला चूक सापडेल त्याने खडू उचलायचा.

चुकांना काकांनी नावं दिली होती. एकामागून दुसरं घडलं म्हणजे पहिल्यामुळेच घडलं, ही 'कावळा-फांदी'. एक उदाहरण बघून सगळ्या जगाचा निकाल, हे 'एक शीत'. वाक्य सोडून बोलणाऱ्याच्या अंगावर जायचं, हे 'माणूस चावला'. आणि सगळ्यांत वाईट, 'माझं वेगळं'. म्हणजे नियम सगळ्यांना, फक्त मला नाही.

"ह्या माणसाशी वाद घालू नये," काका सांगायचे. "त्याला चहा पाजावा आणि घरी पाठवावा."

*

पहिला बळी सेक्रेटरी चव्हाण. फळ्यावर वाक्य आलं: 'तक्रारपेटीत आजवर एक चिठ्ठी पडलेली नाही, म्हणजे लोक खूश आहेत.'

तक्रारपेटी चव्हाणांच्या घरात होती. टीव्हीशेजारी.

संध्याकाळी चव्हाण फळ्यासमोर उभे राहिले. दोनदा वाचलं, मान हलवली आणि मला म्हणाले, "असली माणसं राहतात ना इथे, म्हणून सेक्रेटरीचे केस पिकतात."

तेव्हा पहिल्यांदा कळलं. फळ्यावर शेजाऱ्याचं वाक्य लांबून ओळखू येतं. स्वतःचं कोणाला ओळखू येत नाही.

*

अपवाद एकच, नाईक आजी. त्यांच्या सुनेने मनी प्लांट आणला आणि त्याच आठवड्यात मुलाची बदली मानखुर्दला झाली. आजींनी झाड घराबाहेर काढलं, गेटपाशी ठेवलं. वाक्य फळ्यावर गेलं, खाली कोणीतरी 'कावळा-फांदी' लिहिलं.

आजी काठी टेकत आल्या. "ही मी आहे," म्हणाल्या. "आणि मी बरोबर आहे."

काकांनी समजावलं, की आजी, झाड काढलं ना, मग बदली रद्द झाली का? तर पुढच्याच महिन्यात मुलाला मानखुर्दहून उचलून पनवेलला टाकलं. आम्हाला वाटलं, आता तरी.

आजी झाडाकडे बघून म्हणाल्या, "गेटपर्यंतच नेलंत ना? अजून लांब न्या."

*

मी इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. त्यावर बिल्डिंगमध्ये ज्यांचं ज्यांचं मत असायला हवं त्यांचं होतंच, ज्यांचं नसायला हवं त्यांचंही होतं. वयाने शहाणपण येतं म्हणतात. कोण म्हणतं? ज्यांचं वय झालंय ते.

बाबांचं वाक्य घरातच तयार झालं.

"कॉलेज सोडलेली मुलं वाया जातात."

"उदाहरण द्या."

"तू."

"मी कुठे वाया गेलो?"

"कॉलेज सोडलंस ना."

मी ते तसंच्या तसं फळ्यावर दिलं. काकांनी खाली एक मोठं वर्तुळ काढलं, बाकी काही नाही. बाबा कामावरून आले, वर्तुळ बघितलं, वर आले आणि आईला म्हणाले, "कोणाचा तरी पोरगा बापाला उलट बोलतोय. आपला तरी बरा, नुसता बसून असतो."

*

माझंही आलं. लपवत नाही.

एका सकाळी फळ्यावर होतं: 'म्हातारे कधीच ऐकून घेत नाहीत, मी आमच्या घरातले बघितलेत.' मी झोकात खडू उचलला, 'एक शीत' लिहिलं आणि कॅरमवर येऊन विचारलं, कुठल्या येड्याचं आहे रे हे?

काका स्ट्रायकरला पावडर लावत होते. वर न बघता म्हणाले, "येड्याने पेपर बरोबर सोडवला."

*

हे सगळं चालू असताना मंडळाने डोळे तपासणीचं शिबिर ठेवलं. आमच्या बिल्डिंगमधली वैशाली कांबळे घाटकोपरला डोळ्यांच्या हॉस्पिटलात मशीनवर असते, ते लोक तिनेच आणले. पहिले बसले सावंत काका, लोकांची भीड चेपावी म्हणून.

वैशालीने बघितलं. परत बघितलं. मग हसत हसत त्यांना डॉक्टरकडे पाठवलं, आणि ती हसली तेव्हाच मला बरं वाटलं नाही, कारण वैशाली उगाच कोणाकडे बघून हसत नाही.

काचबिंदू. डाव्या डोळ्यात बराच पुढे गेलेला, उजव्यात नुकता लागलेला. वैशालीने काका-काकूंना बसवून सांगितलं. डोळ्यातला दाब वाढतो आणि नजर कडेकडेने कुरतडत आत येतो. दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेलं परत येत नाही. जे उरलंय ते थेंबांनी राखायचं, रोज, न चुकता. नाही राखलं तर डावा जाईल, मग उजवा.

काकांनी सगळं नीट ऐकलं. स्टेनोच ते, एक शब्द निसटला नसेल.

थोडे दिवस थेंब टाकले. मग सोडले.

*

आम्हाला ते फळ्यावर दिसायला लागलं. काका वाक्य लिहायला सुरुवात करायचे ते फळ्याच्या मध्यापासून, आणि उजवीकडे जागा संपली की भिंतीवर उतरायचे. मी म्हणालो, काका, डावीकडे अख्खा फळा रिकामा आहे. तर म्हणाले, फळाच लहान बनवलाय, चव्हाणाने सुताराला सांगताना घाण केली.

गेटला डावा खांदा घासायचा. तर म्हणे गेट नीट उघडत नाही. कॅरमवर डाव्या कोपऱ्यातली सोंगटी भोकाच्या तोंडावर असायची आणि हे दुसरीच मारायचे. तर म्हणे डाव आखलाय.

शेवटी खडू माझ्याकडे आला. "तू लिही," म्हणाले, "माझं अक्षर तुम्हा लोकांना झेपत नाही."

वैशाली त्यांना जिन्यात गाठून स्पष्ट बोलली. काका खाली येऊन मला म्हणाले, "हॉस्पिटलवाली आहे ती. त्यांना पेशंट लागतात."

"माणूस चावला," मी म्हणालो.

"खेळ," म्हणाले.

मी पण सोडलं नाही. थेंब का बंद केले, एवढंच सांगा. काकांनी राणी घेतली, कव्हर घेतलं आणि शांतपणे सांगितलं. अगदी कोर्टात सांगावं तसं.

दुसऱ्या दिवशी ते वाक्य मी फळ्यावर लिहिलं. शब्द बदलला नाही. नाव लिहिलं नाही.

'थेंब टाकत होतो तेव्हा जेवढं दिसायचं तेवढंच थेंब सोडल्यावर दिसतं, म्हणजे थेंबांचा काही उपयोग नाही.'

*

त्या दिवशी फळ्याखाली कोणी काही लिहिलं नाही. एरवी खडूसाठी भांडणं व्हायची. चव्हाण आले, वाचलं आणि वर पाण्याच्या टाकीकडे बघत उभे राहिले. नाईक आजींनी मनी प्लांटची सुकलेली पानं तोडली, मग बरी होती ती पण तोडली. बाबा आले, वाचलं, आणि माझ्या आठवणीत पहिल्यांदा त्यांना कशावर मत नव्हतं. वैशाली ड्यूटीवरून आली ती पर्स न उतरवता तिथेच थांबली. वर जायचं सोडून सगळे गेटपाशी उभे, आणि प्रत्येक जण तिथे दुसऱ्याच कामासाठी उभा असल्यासारखा.

काका फिरून आले. गेटला खांदा घासला, गेटला शिवी दिली. मागून काकू, हातात भाजीची पिशवी.

काका फळ्याजवळ गेले. उजवा डोळा पुढे करून, मान तिरकी करून वाचलं. माझ्याकडे हात केला. मी खडू दिला.

मध्यापासून सुरुवात केली. अक्षर मोठं, पण ओळ सरळ. लिहिताना मोठ्याने बोलत होते, जसं कोणाला तरी डिक्टेट करतायत.

"छत्री उघडली म्हणून ओले कपडे वाळत नाहीत. म्हणून छत्री फुकट ठरत नाही. ती आणखी भिजू देत नाही, तेवढंच तिचं काम. थेंब नजर वाढवायला नसतात, राखायला असतात." इथे फळा संपला, उरलेलं भिंतीवर गेलं. "आणि 'तेवढंच दिसतं' हे ठरवलं कोणी? ज्याचा डोळा चाललाय, त्यानेच. साक्षीदार बाद."

मी इतकी वाक्यं बघितली, इतकी स्वच्छ चूक कोणी पकडली नव्हती. काकांनी हात झटकले. वळून सगळ्यांकडे बघितलं. त्यांना जेवढे दिसत होते तेवढ्यांकडे.

"कोण हा गाढव?" म्हणाले. "नाव नको. नुसता मजला सांगा."

चव्हाण टाकीकडे बघत राहिले.

काकूंनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"आपलोच," म्हणाल्या.

काका फळ्याकडे वळले. वरचं वाक्य परत वाचलं, मग स्वतःचं उत्तर, भिंतीवरच्या ओळीसकट. रागावले की काका मालवणीत जातात, पण तेव्हा रागावलेले नव्हते, आवाज एकदम साधा होता.

"माझा वेगळा आसा," म्हणाले.

मी चहा सांगितला.

डावा डोळा पूर्ण गेला.