पाळण्यापासून फाटकापर्यंत

आता ही फजिती कुठल्या तोंडाने सांगू? पण रोह्यातल्या आमच्या अख्ख्या आळीला ती माहीत आहे, मग तुमच्यापासूनच काय लपवायची!

माझी मुलगी मेधा बाळंतपणाला माझ्याकडे आली होती. रजा संपत आली, सोमवारी कंपनीत हजर व्हायचं, आणि नात मांडीशिवाय झोपेना. मांडीही आईचीच! मी घेतलं की अशी बघायची, जणू एसटीत मी तिच्या जागेवर बसलोय.

"ही अशीच राहिली तर नोकरी सोडावी लागेल, बाबा," मेधा म्हणाली.

मग तिने मोबाइलवर एक पद्धत शोधली. बाळाला रडवायचं नाही. पेंगुळलं की पाळण्यात ठेवायचं, शेजारी खुर्ची टाकून हळूच थोपटायचं. रोज खुर्ची थोडी लांब न्यायची. बोलायचं मात्र नाही.

मला भारी कुतूहल वाटलं. बाळाची आजी गेली ती एकदम, बोलता बोलता. असं थोडंथोडं लांब जाता येतं, हे मला नवीनच होतं.

लागलो प्रयोगाला! पाळण्यापासून कपाटापाशी, कपाटापासून उंबऱ्यापाशी. नात मान वळवून शोधायची, मी दिसलो की झोपायची. कमाल! मग ओटीवर, मग अंगणात. थांबायचं कुठे, हे मी विचारलंच नव्हतं. शेवटी भर दुपारी, डोक्याला पंचा गुंडाळून, मी फाटकाबाहेर!

शेजारच्या सुनंदावहिनी थबकल्या. "काय झालं वो भाऊजी? बाहेर का बसलाव?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"मेधा काय बोलली काय?"

मी घराकडे हात केला आणि पुन्हा ओठांवर बोट.

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. थोड्या वेळाने कोलंबीचं कालवण आलं. नको कसं म्हणणार? बोलायचं नव्हतं ना!

दुसऱ्या दिवशी गडब गावाहून माझी थोरली बहीण हजर. वहिनींचा फोन गेला होता. फाटकातूनच तिने सुरुवात केली.

"मेधे! बापाला त्याच्याच घरातनं काढलंस गो? लाज नाय वाटत?"

"अगं आत्या, बाळासाठी..."

"बाळाचं नाव पुढं करू नको! मी मेले नाय अजून!"

आळी जमली. मेधा रडकुंडीला आली. आता मला बोलणं भाग होतं. "अक्का, मीच बसलोय. बाळाला झोपवतोय."

"फाटकाबाहेर बसून?"

सगळे आत बघायला धावले. एवढ्या आरडाओरड्यात नात गाढ झोपलेली! मेधाची नोकरी वाचली.

सोमवारी ती कामावर गेली. मी शहाण्यासारखा पाळण्याशेजारी बसलो. नातीने मला पाहिलं आणि भोकाड पसरलं. थोपटलं, झोके दिले, उंबऱ्यापर्यंत मागे सरलो. छे! फाटकाबाहेर गेलो, तेव्हा कुठे तिने डोळे मिटले.

तेवढ्यात सुनंदावहिनी बाजारातून आल्या. मला पाहून कपाळावर हात मारला.

"अगो बाई! आता नातीनंपन काढलं?"

या वेळी मात्र नाही म्हणायची सोय नव्हती.